बैल, चूल आणि कायदा : चिनी पद्धतीच्या गोमांस-रश्श्याच्या निमित्ताने नागपूरच्या स्वयंपाकघराचा इतिहास

प्रस्तावना

अन्नाचा इतिहास हा मराठी इतिहासलेखनात तुलनेने उपेक्षित राहिलेला विषय आहे. सणावारांचे पदार्थ, राजघराण्यांच्या मुदपाकखान्याचे हिशेब, दुष्काळातील धान्यटंचाई यांविषयी बरेच लिहिले गेले. घरोघरी रोज शिजणाऱ्या अन्नाचा, विशेषतः जे अन्न शिजवणाऱ्यालाच उघडपणे सांगता येत नव्हते त्याचा, इतिहास मात्र आत्मकथनांच्या कोपऱ्यात आणि सरकारी नोंदींच्या तळटीपांत विखुरलेला आहे.

प्रस्तुत निबंधासाठी एक साधा घरगुती पदार्थ निवडला आहे. चिनी पद्धतीने मंद आचेवर झाकून शिजवलेले गोमांस आणि त्यात शेवटी घातलेला मुळा, गाजर किंवा बटाटा, असे त्याचे स्वरूप. चीन, तैवान व हाँगकाँगमधील घरांत हा पदार्थ हिवाळ्यात आवर्जून केला जातो. नागपूरसारख्या शहरातील एखाद्या घरात आज तो करावयाचा झाल्यास पहिला प्रश्न पाककृतीचा नसून मांस कोणत्या जनावराचे, हा असतो. दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा असतो. हे दोन्ही प्रश्न कोठून आले, याचा शोध घेताना तांग राजवटीच्या दंडसंहितेपासून मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालापर्यंत जावे लागते.

निबंधाचे प्रमुख प्रतिपादन असे आहे : चीन आणि महाराष्ट्र हे दोन्ही प्रदेश नांगराच्या बैलावर जगणारे असल्यामुळे दोन्हीकडे बैलाच्या मांसावर निर्बंध आले. थकलेल्या जनावराचे चिवट मांस दोन्हीकडे गरिबांच्या चुलीवर पोहोचले आणि दोन्हीकडे ते मंद आचेवर, दीर्घकाळ शिजवले गेले. परंतु चीनमध्ये निर्बंध कृतीवर होता, तर आपल्याकडे त्याची अप्रतिष्ठा जन्माला चिकटवली गेली. त्यामुळे एकीकडे या मांसातून अभिमानाने मिरवला जाणारा पदार्थ घडला आणि दुसरीकडे तेच मांस शिजवणाऱ्यांच्या वाट्याला अस्पृश्यता व मौन आले.

उद्दिष्टे

१) चीनमधील गोमांसनिषेध व मंद आचेच्या पाकपद्धतीचा परस्परसंबंध तपासणे.
२) विदर्भातील मृत जनावरांच्या मांसाचा व्यवहार आणि त्याच्या त्यागाची चळवळ यांचा आढावा घेणे.
३) नागपूरशी निगडित पशुसंरक्षण कायद्यांचा घरगुती स्वयंपाकावर झालेला परिणाम नोंदवणे.

चीन : नांगराचा बैल आणि त्याचे संरक्षण

चिनी जेवण म्हणजे वाटेल ते खाणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. गोमांसापुरता तरी तो इतिहासाला धरून नाही. इ. स. ६५३ मध्ये सिद्ध झालेल्या तांग दंडसंहितेनुसार दुसऱ्याचा वा सरकारी बैल किंवा घोडा हेतुपुरस्सर मारणाऱ्यास दीड वर्षाची सक्तमजुरी होती. मालकाने स्वतःचाच बैल मारला तरी त्यास एक वर्षाची सक्तमजुरी भोगावी लागे. बैल हा नांगराचा आधार आणि घोडा हा लष्कराचा, म्हणून ही दोन जनावरे मालकाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. पुढील राजवटींनीही कामाच्या बैलाच्या कत्तलीवर निर्बंध कायम ठेवले.

सोंग काळापासून या कायद्याला धर्मनीतीची जोड मिळाली. मनुष्यासाठी जन्मभर राबलेल्या जनावराला शेवटी मारून खाणे ही कृतघ्नता होय, अशी शिकवण लोकप्रिय नीतिग्रंथांतून दिली जाऊ लागली. बौद्ध व ताओ परंपरेतील अनेक भाविक डुकराचे मांस खात असूनही गोमांस वर्ज्य मानीत. आपल्या पोळ्याच्या सणामागील भावना ज्यांना परिचित आहे त्यांना हा युक्तिवाद परका वाटणार नाही. विदर्भात पोळ्याच्या सणात बैलाच्या खांदेमळणीतून जी कृतज्ञता व्यक्त होते, तिच्याशी मिळतीजुळती भावना हजारो मैलांवरील भातखाचरांतही होती.

निर्बंध असला तरी मांस नाहीसे होत नाही. बैल म्हातारा होतो, पाय मोडतो, मरतो. शिवाय चीनमधील हुई मुसलमान समाज डुकराचे मांस खात नसल्याने मेंढी व गोमांस यांचा व्यापार त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणावर होता. वायव्येकडील लान्झोउ शहराचा गोमांस-शेवयांचा सुप्रसिद्ध पदार्थ याच समाजाच्या हातून घडला. सिचुआन प्रांतातील झिगोंग येथील मिठाच्या विहिरींचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे बांबूच्या दोरांनी खोल विहिरींतून खारे पाणी ओढण्यासाठी हजारो बैल व रेडे जुंपलेले असत. १८३५ मध्ये तेथील शेनहाय विहीर एक हजार मीटरहून अधिक खोल गेली. एवढ्या खोलीवरून पाणी ओढणारी जनावरे लवकर थकत. त्यांचे मांस मीठकामगारांच्या वाट्याला येई. सिचुआनी तिखट गोमांसाचे काही प्रसिद्ध प्रकार याच कामगारवस्तीत जन्मले, अशी तेथील परंपरा सांगते.

चीनमध्ये हीन मानलेले जन्मजात गट अजिबात नव्हते, असे नाही. तसे काही गट होते व १७२३ पासून युंगझेंग सम्राटाने त्यांपैकी काहींचा हीन दर्जा रद्द केला. तथापि गावातील मेलेले जनावर ओढणे व त्याचे मांस खाणे हे एकाच जातीचे पिढीजात कर्तव्य, अशी देशव्यापी व्यवस्था तेथे नव्हती. खाटीक पापी ठरला तरी त्याच्या सावलीचा विटाळ मानला गेला नाही. हा फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

मंद आच आणि कंदभाजी

कामाच्या जनावराचे मांस चिवट असते. वर्षानुवर्षे राबलेल्या स्नायूंभोवती कोलॅजन या प्रथिनाचे जाळे दाट झालेले असते. भर आचेवर ते आकसते व मांस चामड्यासारखे लागते. पाणी धरून, झाकून, सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ ठेवल्यास मात्र तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन बनते व रश्श्याला चिकट दाटपणा येतो. म्हणून पोटरी, मान, छातीचा खालचा भाग असे स्वस्त तुकडेच या पदार्थाला मानवतात. कोवळे, महाग मांस यात कोरडे पडते. गरिबीतून आलेले तंत्र येथे चवीचे तंत्र ठरते.

मंद आचेची महती चिनी साहित्यिकांनीही गायिली आहे. सोंग काळातील कवी सू शी हा १०८० मध्ये हुआंगझोउ येथे हद्दपारीत असताना तेथील स्वस्त डुकराच्या मांसाकडे वळला आणि थोडे पाणी, मंद विस्तव व भरपूर वेळ या सूत्राचे त्याने कौतुक केले. सोय सॉस, मद्य, आले व साखर यांत मांस तांबूस होईपर्यंत शिजवण्याच्या पद्धतीला चिनी भाषेत ‘लाल शिजवण’ अशा अर्थाचा शब्द आहे.

गोमांसाविषयी १७९२ च्या सुमारास युआन मेई या विद्वानाने आपल्या पाकग्रंथात केलेली नोंद लक्षणीय आहे. गाय, मेंढी व हरीण यांचे मांस दक्षिणेकडील घरांत नेहमी असणारे नव्हे, असे तो आरंभीच सांगतो. पुढे तो पायाच्या स्नायूंजवळचे मांस निवडून, पडदे काढून, तीन भाग मद्य व दोन भाग पाण्यात ते अगदी मऊ होईपर्यंत शिजवण्यास आणि शेवटी सोय सॉस घालून रस आटवण्यास सांगतो. त्याची ताकीद अशी की, हे मांस एकट्यानेच शोभते, त्यात दुसरे काही मिसळू नये.

म्हणजे ज्या मुळ्या-गाजरामुळे हा पदार्थ आज घरगुती वाटतो, ती भर उच्चभ्रू पाकशास्त्राच्या शिस्तीबाहेरची आहे. ज्या घरात मांस थोडे आणि खाणारी तोंडे अधिक, तेथे कंदभाजी येते. मुळा रस शोषून घेतो, बटाटा रस्सा दाट करतो, गाजर गोडवा देते आणि अर्धा किलो मांस सहा जणांना पुरते. गाजर चीनमध्ये पश्चिमेकडून आले, हे त्याच्या ‘परदेशी मुळा’ अशा अर्थाच्या चिनी नावातच नोंदले गेले आहे. बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिकेतून आलेली. आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आलेल्या त्याच पिकाला पश्चिम महाराष्ट्रात बटाटा व विदर्भात आलू म्हणतात.

१९४९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवरून तैवानला गेलेल्या सैनिकांच्या वसाहतींत सिचुआनी तिखट वाटण व गोमांस एकत्र आले आणि तेथील लाल रश्श्याच्या गोमांस-शेवया तयार झाल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तैवानच्या शेतकरी कुटुंबांतही त्या काळी गोमांस खाणे अप्रशस्त मानले जात असे. आज हाच पदार्थ त्या बेटाची ओळख म्हणून जगापुढे मांडला जातो. निषिद्धतेकडून प्रतिष्ठेकडे जाण्यास त्याला दोन-तीन पिढ्या पुरल्या.

विदर्भ : जन्माने लादलेले काम

महाराष्ट्रातील स्थिती वेगळी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार वर्णन केले आहे, त्यात गावातील मेलेल्या जनावरांची विल्हेवाट आणि त्यावरील महार-मांगांचे हक्क यांना निश्चित स्थान आहे. मध्य प्रांतापुरती माहिती रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार खंडांच्या जातिविषयक ग्रंथात मिळते. तेथेही मृत जनावराचे मांस खाण्याची नोंद जातीच्या खालच्या दर्जाचे कारण म्हणून येते. या नोंदींतील ‘हक्क’ हा शब्द सावधपणे वाचावयास हवा. काम नाकारण्याचे स्वातंत्र्य नसताना त्या कामाच्या मोबदल्यात मिळालेले मांस हा हक्क कसा म्हणावा?

हे मांस एका दिवसात संपणारे नसे. एखादा बैल मेला की संपूर्ण वस्तीला काही दिवस पुरेल एवढे मांस एकदम हाती येई आणि नंतर कित्येक आठवडे काहीच नसे. म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवल्या जात. या वाळवलेल्या पट्ट्यांना चान्या म्हणत. पावसाळ्यात, कामधंदा नसताना, त्या पाण्यात शिजवून भाकरीबरोबर खाल्ल्या जात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग घरांच्या अशा पदार्थांची सविस्तर नोंद आहे. तत्पूर्वी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले होते. ही दोन्ही कामे एकविसाव्या शतकातील आहेत, ही बाब पुरेशी बोलकी आहे. छापील मराठी पाकशास्त्राची परंपरा त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ चालू होती.

पाकतंत्राच्या दृष्टीने पाहता चान्यांचा रस्सा आणि झिगोंगच्या मीठकामगारांचा रस्सा यांत जातकुळीचे साम्य आहे. दोन्हींत राबलेल्या जनावराचे चिवट मांस आहे, पाणी आहे, मीठ-मिरची आहे आणि वेळ आहे. मात्र एका रश्श्यात तेल-मसाल्याची भर पडत गेली, बाजारात त्याची खानावळ निघाली व त्याला शहराचे नाव मिळाले. दुसरा रस्सा वस्तीबाहेर जाऊ शकला नाही, कारण तो शिजवणाऱ्यांच्या हातचे पाणीही बाहेर चालत नव्हते.

याच काळात नागपूरच्या उत्तरेस गोमांसाची दुसरी एक चूल उघडपणे पेटलेली होती. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या कामठीच्या छावणीत गोऱ्या सैनिकांच्या शिध्यात गोमांस होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यानंतर रेल्वे वसाहतींतील अँग्लो-इंडियन घरांत मांस, बटाटा, गाजर व सलगम यांचा ‘इस्टू’ रुळला. म्हणजे गोमांस व कंदभाज्यांचा रस्सा नागपूरला चिनी पाककृतीच्या आधीपासून माहीत होता. साहेबाच्या घरी तोच पदार्थ असल्यामुळे साहेब अस्पृश्य झाला नाही. अप्रतिष्ठा पदार्थात नव्हती, ती खाणाऱ्याच्या जन्मात होती, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

त्याग आणि स्वाभिमान

मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. नागपूर परिसरात या आवाहनाला अनुकूल भूमी होती. येथील महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा व्यवसाय जुना होता आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमुळे रोख मजुरीचा मार्ग खुला झाला. किसन फागूजी बनसोडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून शिक्षण व सुधारणेचे काम चालविले होते. ज्याच्या हाती मजुरीचे पैसे आहेत तो मेलेले जनावर ओढण्यास नकार देऊ शकतो. स्वाभिमानाच्या चळवळीला गिरणीच्या भोंग्याने बळ दिले, असे म्हणता येईल. तरीही हा त्याग सोपा नव्हता. वसंत मून यांच्या ‘वस्ती’ (१९९५) या आत्मकथनातून नागपूरच्या महारपुऱ्यातील जे जीवन दिसते, त्यात उपासमार हा रोजचा अनुभव आहे. अशा घरांनी आयते मिळणारे मांस सोडणे याचा अर्थ काय होता, हे आकड्यांतून कळणारे नाही.

१९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मृत गाईचे मांस खाणे हेच अस्पृश्यतेचे मूळ असल्याचा सिद्धान्त मांडला. पूर्वी गोमांस सर्वच खात. ब्राह्मणांनी बौद्धांशी झालेल्या स्पर्धेत ते सोडले, गाय पवित्र ठरली आणि गावाबाहेर राहणारे पराभूत टोळ्यांतील लोक मृत गाईचे मांस खात राहिल्याने अपवित्र ठरले, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश आहे. इतिहासकारांनी या सिद्धान्ताच्या तपशिलांवर मतभेद नोंदवले आहेत. परंतु आहार हा जातिव्यवस्थेचा केवळ परिणाम नसून तिचे साधनही आहे, हे त्यातील मर्म निर्विवाद आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे सोडल्याने होणाऱ्या आर्थिक नुकसानीचा मुद्दा उपस्थित करणाऱ्यांचा समाचार घेतला. माणसाला फायद्यापेक्षा इज्जत प्यारी असते, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. या निर्णयाने एका पिढीच्या घरातील चुलीचे रूप पालटले. जे सोडले त्याची आठवणही पुसावी, अशी अनेक घरांची भावना होती व ती समजण्याजोगी आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकापुढे त्यातून एक अडचण उभी राहते. ज्या आजीला चान्या टिकवण्याचे, चिवट मांस मऊ करण्याचे ज्ञान होते, तिचे ते ज्ञान लाजेच्या आवरणाखाली तिच्यासोबतच गेले.

कायदा : नागपूर ते दिल्ली

गोवंशविषयक कायद्यांच्या इतिहासात नागपूरला विशेष स्थान आहे. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडाने १९४९ मध्ये पशुसंरक्षण कायदा केला. पुढे दुरुस्त्यांनी तो अधिक कडक झाला. १९५८ मध्ये मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठासमोर बिहार व उत्तर प्रदेशाच्या कायद्यांबरोबर याही कायद्याची वैधता तपासली गेली. गाय व वासरे यांच्या कत्तलीवरील संपूर्ण बंदी न्यायालयाने वैध ठरविली. निरुपयोगी झालेल्या बैलांवरील व म्हशींवरील संपूर्ण बंदी मात्र अवाजवी मानली. गोमांस व म्हशीचे मांस हे मोठ्या जनसमूहाचे, विशेषतः गरिबांचे, अन्न आहे याची दखल त्या निकालात घेतलेली आहे.

महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी घातली व बैलांसाठी प्रमाणपत्राची अट ठेवली. सर्व गोवंशावर बंदी घालणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केली, परंतु तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती फेब्रुवारी २०१५ मध्ये. मधल्या काळात, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या प्रकरणात १९५८ ची भूमिका बदलली होती. बैल थकला तरी त्याचे शेण व मूत्र उपयुक्त असते, हा युक्तिवाद तेथे मान्य झाला.

घरगुती स्वयंपाकाच्या दृष्टीने ६ मे २०१६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सर्वाधिक महत्त्वाचा आहे. न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम ५-ड, तसेच निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकणारे कलम ९-ब रद्द केले. नागरिकाने आपल्या घरात काय खावे, हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, ही भूमिका त्यामागे होती. तांग दंडसंहितेने बैलाच्या मालकाला शिक्षा सांगितली होती. तेराशे वर्षांनंतर प्रश्न भांड्यावरील झाकण उघडण्याच्या अधिकाराचा झाला.

म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. त्यामुळे आज नागपूर-कामठी परिसरात कायदेशीरपणे मिळणारे ‘मोठ्याचे’ मांस म्हणजे म्हैस व रेडा यांचेच. विदर्भाची स्वतःची नागपुरी म्हैस ही मान्यताप्राप्त जात आहे आणि तिचे रेडे जड ओढकामासाठी पूर्वापार वापरले जात, हेही येथे लक्षात घ्यावे.

आपल्या देशातील चिनी व तिबेटी चुली

चिनी पाकपद्धती आपल्याकडे कोणाच्या हातून आली, याचे उत्तरही चामड्याशी जोडलेले आहे. कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का चिनी समाजाने विसाव्या शतकात टांगरा भागात चामडे कमावण्याचे कारखाने उभारले. सवर्ण हिंदू ज्या कामाला अपवित्र मानत होते, त्यात या परदेशी समाजाला वाव मिळाला. १९६२ च्या युद्धानंतर हजारो भारतीय चिनी नागरिकांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले व अनेकांनी नंतर देश सोडला. उरलेल्यांपैकी काहींनी उपाहारगृहे काढली आणि टांगरा हे नाव कारखान्यांइतकेच जेवणासाठी प्रसिद्ध झाले. ज्या चामड्याने गावातील दलिताला वेशीबाहेर ठेवले, त्याच चामड्यावर उभ्या राहिलेल्या समाजाचे जेवण पुढे शहरी मध्यमवर्गाने आवडीने स्वीकारले. तेथेही निर्णायक घटक जन्म हाच होता.

विदर्भातही अशी एक चूल आहे. १९७२ मध्ये तत्कालीन भंडारा व आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत स्थापन झाली. तिबेटी खाद्यपरंपरेत याक वा गोमांस आणि मुळा यांचा रस्सा जुना आहे. अनेक लहान प्राण्यांचे जीव घेण्यापेक्षा एका मोठ्या जनावरावर अनेकांचे पोट भरावे, हा तिबेटी बौद्धांचा परंपरागत विचार आहे. गोमांसाचा त्याग ही ज्यांच्या मुक्तीची पायरी ठरली ते नागपूरचे बौद्ध आणि गोमांस ज्यांच्या परंपरेत अहिंसेच्या हिशेबात बसते ते तिबेटी बौद्ध एकाच प्रदेशात राहतात. आहाराचा अर्थ धर्मग्रंथाइतकाच समाजातील स्थानावरून ठरतो, याचे हे उदाहरण होय.

आजचे भांडे

आज नागपुरातील घरी हा पदार्थ करावयाचा झाल्यास कृती अशी होईल. रेड्याच्या पोटरीचे मांस मोठ्या तुकड्यांत कापून थंड पाण्यात ठेवावे, उकळी आणावी, वर आलेली मळी काढून मांस धुऊन घ्यावे. तेलात साखर तांबूस करून त्यात मांस परतावे. आले, पातीचा कांदा, लसूण, दालचिनी, चक्रीफूल व सोय सॉस घालून मांस बुडेल एवढे गरम पाणी ओतावे. जाड बुडाच्या गंजात, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर अडीच ते तीन तास ठेवावे. शेवटच्या पाऊण तासात मुळा, त्यानंतर गाजर व आलू घालावेत. कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांवर जात असल्याने मांस लवकर शिजते, मात्र कंद सुरुवातीपासून घातल्यास त्यांचा लगदा होतो. हिवाळी लाल गाजर नाजूक असल्याने ते सर्वांत शेवटी घालणे इष्ट. म्हशीवर्गीय मांस गोमांसापेक्षा कमी चरबीचे असल्यामुळे थोडे अधिक तेल व अधिक वेळ लागतो.

यातील जिन्नस पाहता ‘परके’ काय, असा प्रश्न पडतो. दालचिनी या शब्दातच फारसीतील ‘चीनचे लाकूड’ हा अर्थ दडलेला आहे. चक्रीफूल दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनामकडील झाडाचे फळ असून ते नागपूरच्या सावजी मसाल्यात केव्हाच स्थिरावले आहे. सोयाबीन हे मूळचे चिनी पीक आज विदर्भातील शेतकऱ्याच्या प्रमुख पिकांपैकी एक आहे. विदर्भाच्या शेतात पिकते ते सोयाबीन तेल व पेंडीसाठी जाते आणि सोय सॉस बाटलीतून विकत येतो, हा अर्थव्यवस्थेचा भाग वेगळ्या अभ्यासाचा विषय होईल.

नव्या पिढीतील दलित, मुस्लिम, ख्रिस्ती व इतरही घरांतील तरुण-तरुणी नोकरी-शिक्षणानिमित्त बाहेर जातात, असे पदार्थ चाखतात आणि घरी करून पाहतात. चिनी नावाने तो रस्सा ताटात येतो तेव्हा त्याला एक प्रकारची मोकळीक मिळते. परदेशी नाव प्रतिष्ठा देते आणि स्थानिक नाव लाज देते. त्या घरातील आजीने एकेकाळी याच तंत्राने, याच प्रकारचे मांस, सोय सॉसऐवजी मीठ-मिरचीत शिजवले होते, याचा उल्लेख जेवताना होईलच असे नाही.

निष्कर्ष

१) चीन व महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी बैलाच्या मांसावरील निर्बंधाचे मूळ कृषिव्यवस्थेत सापडते. धार्मिक पावित्र्याच्या कल्पनांनी त्याला नंतर बळ दिले.

२) मंद आचेवरील चिवट मांस व त्यातील कंदभाज्या हे तंत्र अभावातून घडले. युआन मेईसारख्या उच्चभ्रू पाककाराने कंद मिसळण्यास मनाई केली, तरी घरगुती स्वयंपाकाने ते मिसळले व पदार्थ टिकवला.

३) दोन समाजांतील भेद मांसात वा तंत्रात नव्हता. चीनमध्ये निषेध कृतीवर राहिला, आपल्याकडे तो जन्मावर लादला गेला. म्हणून तेथील पदार्थाला इतिहास मिळाला व येथील पदार्थाला मिळाला नाही.

४) मृत मांसाचा त्याग ही मुक्तीची कृती होती आणि तिचे मोल कमी होत नाही. परंतु जे सक्तीने खावे लागले ते स्वेच्छेने नाकारण्याचा अधिकार आणि जे आवडते ते घरात निर्भयपणे शिजवण्याचा अधिकार हे दोन्ही एकाच प्रतिष्ठेचे भाग आहेत. २०१६ च्या निकालातील खासगीपणाचा विचार या दिशेने जाणारा आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक अर्थ निघतो. विदर्भातील महाविद्यालयांच्या वर्गांत आज ज्या घरांतील विद्यार्थी बसतात, त्यांच्यापैकी अनेक घरांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आजी अजून आहेत. त्यांनी काय शिजवले, कसे टिकवले आणि केव्हा सोडले, हे विचारण्याचा स्वाध्याय इतिहास, समाजशास्त्र वा गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्याला देता येईल. मात्र ती माहिती देण्याची सक्ती नसावी व उत्तर देणाऱ्याची ओळख गुप्त राहावी, एवढे पथ्य पाळणे आवश्यक आहे. ही साधने आणखी दहा वर्षांनी उपलब्ध असणार नाहीत.